तीन भावंडं, एक गाळा: लालबागमध्ये हलकाफुलका सिनेमा कसा उभा करायचा

भावंडांनी मिळून चालवलेल्या दुकानावर विनोदी सिनेमा काढायचा असेल, तर ते दुकान पडद्यावर खरं चाललं पाहिजे. काट्यावर काय चढतं, सुट्टे कोण देतं, उधारी कुठल्या वहीत जाते, रात्री शटर कोण ओढतं, हे प्रेक्षकाला पटलं की भावंडांच्या भांडणावर तो आपोआप हसतो. ते पटलं नाही तर कितीही चटकदार टोमणे लिहा, सिनेमा स्नेहसंमेलनातल्या स्किटसारखाच वाटतो. मोठ्या निर्मात्याशिवाय, कमी पैशांत, मुंबईत असा दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा कसा काढायचा ते क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून एकच दुकान धरतो: लालबागमधला मसाला कांडपाचा गाळा. वडील गेलेत, दोन भाऊ आणि धाकटी बहीण मिळून तो चालवतात आणि आई गल्ल्यावर बसते.

आधी धंदा ठरवा

गोष्ट सुचण्याआधी धंदा निवडा. त्याला तीन गोष्टी हव्यात. काम डोळ्यांना दिसलं पाहिजे, त्याला हंगाम असला पाहिजे, आणि कामाची वाटणी अशी हवी की एकाने हात आखडला की दुसऱ्याचं अडतं. मसाला कांडपात तिन्ही आहेत. मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, खडे मसाले भाजायचे, कांडायचं, चाळायचं, डबे भरायचे. थोरला भट्टीपाशी, मधला यंत्रापाशी आणि धाकटी गिऱ्हाइकाच्या यादीपाशी ठेवलीत की पात्रं उभी राहायला लागतात. मार्च ते मे वर्षाच्या मसाल्याची झुंबड असते आणि पावसाआधी सगळ्यांना डबा भरून हवा असतो. ही मुदत पटकथेला फुकट मिळते. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. मालवणी मसाल्याची यादी आगरी-कोळी मसाल्याच्या यादीशी जुळत नाही, आणि दोन पिशव्यांची अदलाबदल झाली तर तेवढ्यावर सिनेमाचा अख्खा मधला भाग चालू शकतो.

परळ-लालबागचा गणपतीचा कारखाना, गिरगावातला जुना छापखाना, दादरचं फुलांचं दुकान हे धंदेही चालतील. लॅपटॉपवर चालणाऱ्या धंद्याच्या मात्र मी वाटेला जाणार नाही. तिथे कॅमेऱ्याला पडद्याकडे बघणारे चेहरेच मिळतात.

धंदा ठरला की खऱ्या दुकानात जाऊन बसा. मालकाला सरळ सांगा की सिनेमा लिहितोय, चोरून टिपणं घेऊ नका. हंगामातला एक भर गर्दीचा दिवस आणि एक रिकामी दुपार, दोन्ही बघा. विनोद टिपू नका, क्रम टिपा. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य कोण बोलतं? भाव कमी करायचा अधिकार कोणाला आहे? फोन वाजला की यंत्र बंद करतात की बाहेर पळतात? मिरची उडाली की कोण शिंकतं आणि कोणाला काहीच होत नाही? असल्या तपशिलांतून दृश्यं निघतात.

भांडण हिशोबाचं ठेवा

हलक्याफुलक्या सिनेमात भांडण जीवघेणं नको, पण खोटंही नको. भावंडांच्या धंद्यात भांडण हिशोबाचं असतं, आणि त्या हिशोबात लहानपणापासूनच्या नोंदी असतात. सायकल कोणाला मिळाली, कॉलेज कोणाचं सुटलं, वडील आजारी असताना दवाखान्यात कोण बसलं. पडद्यावर वाद दोन किलो धण्यांचा दिसेल, प्रेक्षकाला मात्र त्यामागची सायकल ऐकू आली पाहिजे.

कायद्याची मदत जरूर घ्या, त्यात विनोदाला भरपूर वाव आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, भागीदारांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर नफा सगळ्यांत समान वाटला जातो आणि धंद्यात राबल्याबद्दल कोणाला वेगळा पगार मागता येत नाही. म्हणजे पहाटे भट्टी पेटवणारा थोरला आणि अकराला चहा पीत येणारा मधला यांचा वाटा सारखाच. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा असतो. त्यामुळे ‘लग्न होऊन जाईल’ म्हणून गृहीत धरलेली धाकटी भावांच्या बरोबरीने बसते. गाळा पागडीचा, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेला, असेल तर भाडेपावती अजून कोणाच्या नावावर निघते हा प्रश्न वेगळाच. ही माहिती संवादात भाषणासारखी घालू नका. एखाद्या वकील मामाला जेवायला बोलवा आणि आमटी वाढता वाढता ती एका वाक्यात बाहेर येऊ द्या.

हे सगळं दिसायला एखादी वस्तू लागते. या गोष्टीत मी काउंटरवर तीन क्यूआर कोड चिकटवीन, तीन भावंडांच्या तीन खात्यांचे. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि तिघंही आपापला कोड पुढे सरकवतात. पैसे जमा झाल्याची घोषणा करणारे तीन डबे तीन आवाजांत बोलतात. आई गल्ल्यावर बसून हे ऐकते, आणि तिचा रोखीचा गल्ला दिवसेंदिवस हलका होत जातो. यात एकही विनोदी वाक्य नाही, तरी लोक हसतील. पटकथेत हा प्रकार तीनदा आणा आणि दरवेळी त्याचा अर्थ बदला. पहिल्यांदा गंमत, दुसऱ्यांदा चोरी पकडली जाते, तिसऱ्यांदा कोणीतरी आपला कोड स्वतःहून फाडून टाकतं.

पटकथा लिहिताना

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट. विनोदी सिनेमा शंभर पानांपुढे जाऊ देऊ नका. जलद संवादांमुळे पानं लवकर संपतात असं वाटतं, पण प्रेक्षकाच्या हसण्यालाही वेळ द्यावा लागतो.

भावंडांची बोली नीट ऐका. गिऱ्हाइकासमोर धाकटी ‘दादा, जरा बघतोस का’ म्हणते, शटर अर्धं खाली आलं की तीच त्याला घरातल्या टोपणनावाने हाक मारते. सख्ख्या भावंडांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणून त्यांची वाक्यं अर्धीच लिहा. ‘त्या वेळसारखं करू नकोस’ एवढं पुरतं. ती वेळ कोणती, ते प्रेक्षकाला वीस मिनिटांनी कळलं तरी चालेल. पूर्ण वाक्यं वहिनीला द्या, कारण ती बाहेरून आली आहे आणि प्रेक्षकाच्या मनातले प्रश्न तीच विचारू शकते. थोरल्याची बायको या सिनेमातलं सगळ्यात उपयोगी पात्र होऊ शकतं. तिला नुसती चहा आणणारी ठेवू नका.

खलनायक नको. गाळा मागणारा बिल्डर आणण्याचा मोह होईल, आणि लालबागेत तो खराही वाटेल, पण तो आला की तिन्ही भावंडं एका बाजूला जातात आणि तुमचं मूळ भांडण मरतं. शेवटही मिठीवर नको. धंद्यातली अडचण धंद्यातल्याच तोडग्याने सुटू दे. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजली जाते. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिघांचे वाटे काय लिहिले जातात, हे शेवटचं दृश्य होऊ शकतं.

मसुदा तयार झाला की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची ऑनलाइन नोंदणी करा. सिनेमाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा इम्पासारख्या निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवा. पोस्टर छापून झाल्यावर नाव दुसऱ्याचं निघालं तर फार महागात पडतं. लेखक, दिग्दर्शक आणि पैसे घालणारे यांच्यातला करारही आत्ताच करा. कोणी किती घातले, हक्क कोणाकडे, पैसे परत आले तर आधी कोणाला मिळणार, हे सगळं लेखी हवं. तुम्ही स्वतः भावंडं मिळून सिनेमा काढत असाल तर हा कागद दुप्पट गरजेचा.

कधी आणि कुठे

हंगामात कुठलाही कांडपवाला तुम्हाला गाळा देणार नाही, आणि देऊ नये. मुख्य चित्रीकरण दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत ठेवा. हवा कोरडी असते आणि दुकानाला उसंत असते. हंगामाची खरी गर्दी मात्र आदल्या एप्रिलमध्येच, दोन-तीन माणसांच्या छोट्या टीमने, मालकाच्या परवानगीने टिपून ठेवा. पोती, रांगा, वाळत घातलेल्या मिरच्या, घामेजलेले हात. पुढे हे तुकडे संकलनात मिसळले की लहान सिनेमा मोठा दिसतो. ज्या गिऱ्हाइकांचे चेहरे ओळखू येतील त्यांची लेखी संमती त्याच जागी घ्या. गणेशोत्सवाच्या काळात लालबागेत चित्रीकरणाचा विचारसुद्धा करू नका. मंडप पडायला लागतात तेव्हापासून रस्ते आणि आवाज दोन्ही तुमच्या हाताबाहेर असतात.

गाळ्याच्या आत चित्रीकरणासाठी मालकाचं लेखी संमतिपत्र हवं, आणि गाळा भाड्याचा असेल तर घरमालकाचंही. रस्त्यावर कॅमेरा लावायचा तर महापालिकेचा एफ दक्षिण विभाग, स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक पोलीस यांचा संबंध येतो. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीमार्फत चालणारी एक खिडकी योजना त्यासाठीच आहे, अर्ज तिथून करा. करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनवरचं दृश्य असेल तर मध्य रेल्वेची परवानगी वेगळी, तिचे पैसेही वेगळे. माझा सल्ला असा की स्टेशनचं दृश्य पुलाखालच्या चहाच्या टपरीवर आणा आणि गाडी आवाजातून जाऊ द्या. ड्रोनचा हट्ट सोडा. मुंबईत त्यावर पोलिसांचे निर्बंध असतात, आणि एका गाळ्याच्या गोष्टीला आकाशातून बघण्याची गरजही नाही.

शेजारच्या दुकानदारांना आधी भेटा. तुमची गाडी कुठे उभी राहील, त्यांच्या गिऱ्हाइकाची वाट अडणार नाही याची काळजी कोण घेईल, हे सांगा. सरकारी परवानगी असूनही शेजारचा नाराज असेल तर तो फक्त रेडिओ मोठा करतो आणि तुमचा दिवस जातो.

माणसं

भावंडांचे चेहरे जुळले नाहीत तरी चालतं, लय जुळली पाहिजे. ती एकत्र रंगमंचावर वाढलेल्या कलाकारांत लवकर सापडते. मुंबईत एकांकिका स्पर्धांची मोठी परंपरा आहे. रुईया, रुपारेल, कीर्ती, परळचं महर्षी दयानंद अशा कॉलेजांच्या ग्रुपमधली मुलंमुली वर्षानुवर्षं एकमेकांची वाक्यं झेलत आलेली असतात. चतुरंग संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री रंगते, ती बघायला जा आणि विनोदाचं टायमिंग कोणाला आहे ते टिपा. ऑडिशनला एकेकट्याला बोलावू नका. तिघांना मिळून देठ काढायला बसवा आणि एखादं जुनं भांडण उकरून काढायला सांगा. बोलताना कोणाचे हात थांबतात ते बघा. ज्याचे थांबतात त्याला आणखी सराव हवा, कारण या सिनेमात हात सतत चालू राहणार आहेत.

तालमी गाळ्यातच घ्या, निदान शेवटचा आठवडा. आईचं काम करणाऱ्या बाईंना गल्ल्यावर बसून नोटा मोजायची सवय लागू द्या.

टीम लहान ठेवा, पण तीन जागांवर काटकसर करू नका: साउंड रेकॉर्डिस्ट, कन्टिन्युइटी (म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहतं ना ते) बघणारा असिस्टंट आणि जेवण. दादासाहेब फाळक्यांच्या काळात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत आणि फिल्मवर काम करायलाही बसत. तुमच्या घरच्या बाईवर ते ओझं टाकू नका, पण युनिट चांगलं जेवलं की काम चांगलं होतं हे तेव्हाही खरं होतं. स्पॉटदादा आणि लाईटमन यांचे पैसे रोजच्या रोज चुकते करा.

चित्रीकरण

रोज चार-पाच पानं हे लहान युनिटला झेपणारं काम आहे. म्हणजे शंभर पानांना वीस ते पंचवीस दिवस. त्यावर दोन दिवस राखीव, आणि एकूण बजेटच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला.

विनोदी दृश्यात कॅमेरा शहाणपणा करायला लागला की हसू जातं. तिघंही एका चौकटीत मावतील असा मास्टर शॉट आधी घ्या आणि तो पूर्ण दृश्यभर चालू द्या. एक बोलत असताना दुसऱ्या दोघांचे चेहरे, तिथेच भावंडपण दिसतं. क्लोजअप नंतर, आणि मोजकेच. गाळे अरुंद असतात, त्यामुळे मागची भिंत सोडून कॅमेरा रस्त्याच्या बाजूला लावावा लागेल. मग मागून बेस्टची बस जाईल, माणसं थांबून बघतील. एक असिस्टंट फक्त बघ्यांशी गोड बोलायला ठेवा.

ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडात चित्र थरथरतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम ठेवत असाल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा. २४ फ्रेमवर शूट करायचं असेल तर शटरचा कोन १७२.८ अंशांवर आणा. गाळ्यातले जुने दिवे पहिल्या दिवसाच्या आधीच तपासा.

खरी परीक्षा आवाजाची. कांडप यंत्राची लोखंडी मुसळं वर-खाली आपटतात तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून संवाद असतील तेव्हा यंत्र बंद ठेवायचं. पण मग कलाकार हळू बोलायला लागतात आणि संकलनात यंत्राचा आवाज घातला की सगळं खोटं वाटतं. उपाय असा: टेकच्या आधी यंत्र अर्धा मिनिट चालवा, कलाकारांना त्या गोंगाटात एकमेकांशी ओरडून बोलू द्या, मग यंत्र बंद करून लगेच ‘अॅक्शन’. त्यांचा चढलेला सूर तसाच राहतो. यंत्र हलताना दाखवायचं तर तो लांबचा शॉट संवादाशिवाय घ्या. यंत्र, चाळणी, काटा, शटर, तिन्ही पैशाचे डबे, सगळ्यांचे आवाज सुटे रेकॉर्ड करा. प्रत्येक दृश्य संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून गाळ्याची एक मिनिट नुसती शांतता टिपा. संकलक तुम्हाला दुवा देईल.

आणि मिरची. कॅमेऱ्यासमोर कांडायची ती ब्याडगी घ्या. रंग गडद लाल आणि तिखटपणा कमी. लवंगीचं पोतं फक्त दिसायला ठेवा. शिंका हव्या असतील तर त्या अभिनयाने आणा. खरी पूड उडाली तर कलाकाराचे डोळे दिवसभर लाल राहतात आणि कन्टिन्युइटी कोसळते. युनिटला मास्क, लेन्सवर फिल्टर, रोज रात्री कॅमेऱ्याची सफाई.

पेमेंट अॅपची खरी नावं आणि चिन्हं वापरू नका, खोटं अॅप बनवा आणि त्याचा आवाज एखाद्या कलाकाराकडून बोलून घ्या. पडद्यावरचे क्यूआर कोड सिनेमाच्या पानावर नेतील असेच ठेवा, कारण प्रेक्षक मोबाईल काढून ते स्कॅन करणारच.

दुकानातल्या रेडिओवर जुनं गाणं वाजवायची इच्छा होईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे मुद्रण मोकळं झालं तरी चाल मोकळी असेलच असं नाही. समर्थांच्या आरतीचे शब्द सगळ्यांचे आहेत, कोणी गाऊन विकलेली तिची कॅसेट नाही. आरती तुमच्याच कलाकारांकडून म्हणून घ्या, ती जरा बेसूर झाली तर आणखी चांगलं.

संकलन

पहिली जुळणी दोन तासांच्या पुढे जाईल. कापताना वाक्यं कापू नका, दृश्यात शिरायची वाट कापा. माणूस गाळ्यात चढतो, चप्पल काढतो, पाणी पितो, हे सगळं जाऊ दे. हसू आल्यानंतरचा एखादा क्षण मात्र ठेवा, नाहीतर पुढचं वाक्य प्रेक्षकांच्या हसण्यात बुडतं.

ओळखीच्यांना दाखवून उपयोग नाही, ते तुमच्यासाठी हसतात. एखाद्या फिल्म सोसायटीच्या सभासदांना दाखवा. १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ मुंबईतच आहे. शिवाय ज्या दुकानदाराकडे बसून तुम्ही लिहिलंत त्याला घरच्यांसकट बोलवा. प्रश्न विचारू नका, अंधारात बसून लोकांकडे बघा. पडद्यावरचं काम खोटं असेल तर दुकानदार लगेच बायकोच्या कानात काहीतरी सांगतो. ती जागा लिहून ठेवा.

प्रमाणपत्र आणि पुढची वाट

थिएटरला लावायचं तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवं. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. २०२४ च्या नियमांनुसार यूए (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा यू (सगळ्यांसाठी खुला) किंवा यूए ७+ मध्ये बसावा या बेताने लिहा. पात्र विडी ओढत किंवा तंबाखू मळत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या सूचना दाखवाव्या लागतात आणि त्या दृश्यावरही इशारा येतो, म्हणून मधल्या भावाला बडीशेप चघळू द्या. दुकानातलं मांजर गोड वाटेल, पण प्राण्याला कामाला लावलंत की भारतीय पशु कल्याण मंडळाची कागदपत्रं आली. पोत्यामागून नुसता आवाज येऊ द्या.

महोत्सवांत पुण्याचा पिफ आणि मुंबईचा थर्ड आय यांच्या तारखा आधी बघा. सिनेमा अर्धवट तयार असेल तर गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या काळात एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, भरवत असलेल्या फिल्म बाजारकडे (आता नाव ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’) पाठवा, तिथे विकत घेणारे भेटतात. विनोदी सिनेमा महोत्सवांत दबकून पाठवला जातो, ते करू नका. थिएटरमध्ये एकाच आठवड्यात राज्यभर लावण्यापेक्षा दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली असे थोडे खेळ नीट भरवा.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना परीक्षणानंतर दर्जानुसार अनुदान देतं. अर्ज जरूर करा, त्यासाठी पहिल्या दिवसापासूनची बिलं आणि करार एका फाइलमध्ये लावत जा, पण ती रक्कम बजेटमध्ये धरू नका. ओटीटीसाठी इंग्रजी सबटायटल्स जाणत्या माणसाकडून करून घ्या, कारण भावंडांची अर्धी वाक्यं यंत्राला कळत नाहीत. संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवा. दुसऱ्या भाषेत डबिंगची मागणी आली, तर कांडप यंत्राचा तो आवाज पुन्हा लालबागला जाऊन रेकॉर्ड करावा लागणार नाही.